बसरेवाल्या आबांची पाटी

प्रिय सद्या,

दिवाळीपासून पत्र नाही म्हणून फोनवर घातलेल्या शिव्या पोचल्या. तब्येत ठीक. गुडघा आहे तसाच. हे फोनवर बोलता येत नाही. दादा शेजारच्याच खोलीत असतात आणि हल्ली नको तेवढंच त्यांना नीट ऐकू येतं.

बसरेवाल्या आबांचा पत्ता लागला. ११७ मराठा पलटण. पारावर दादा सांगायचे ना, आबांनी तलवारीनं सात तुर्क लोळवले, आठव्यानं पाठीत वार केला? पायदळाच्या शिपायाला तलवार कुणी दिली, असं विचारून तू मुस्काटीत खाल्ली होतीस. बरोबर होतास, पण फुगू नकोस.

आबा पहिल्या महायुद्धात इराकातल्या कूत गावच्या वेढ्यात होते, ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. तीन बाजूंना टायग्रिसचं वळण, चौथीला तुर्कांचे खंदक. शेवटी घोडी-खेचरं कापायची वेळ आली. आपल्या फौजेचा गोरा जनरल टाउनशेंड, त्यानं धर्मगुरूंची परवानगी मागवली, तरी आपले बरेचसे शिपाई कितीतरी दिवस त्याला शिवेनात. मग हिरड्या सडल्या, माणसं झडली. विमानांतून पिठाची पोती टाकली, जात्याचे दगडसुद्धा! पणजी म्हणाली असती, दळायला बाईपण टाका की वरून.

शेवटी शरणागती. सुमारे १३ हजार माणसं कैद झाली, आबा त्यांतच. उन्हातून चालवत नेलं आणि रास-अल-ऐनला बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं. तिथं तापानं गेले. टाउनशेंडसाहेब इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात राहिला. त्याचा स्पॉट नावाचा कुत्रा तुर्कांनी अदबीनं परत पाठवला. कुत्रा घरी पोचला, सद्या!

आता अडचण ऐक. पोरांनी वर्गणी काढून वेशीत आबांची ग्रॅनाइटची पाटी लावायचं ठरवलंय. मजकूर 'रणांगणी वीरमरण'. दादा खूश. आणि ७१ साली ढाक्यात ९३ हजार पाकिस्तान्यांनी हात वर केले, तेव्हापासून दादांचं एकच पालुपद, 'त्यापेक्षा मेलेलं बरं.' त्यांना कसं सांगू, की तुमच्या आजोबांनीही हात वर केले होते? चौऱ्याऐंशीव्या वर्षी? गप्प बसावं म्हटलं, तर बसऱ्याचं स्मारक आठवतं. गोऱ्या शिपायांची तिथं नावं कोरली, आपले फक्त अधिकारी नावानिशी, बाकीच्यांचा पलटणीखाली नुसता आकडा. आबांचं नाव कोरलेला हा पहिला दगड. त्यावरच खोटं लिहायचं?

तू भरती झालास तेव्हा मी 'पोटार्थी' म्हणालो होतो, ते तू अजून उकरून काढतोस. आबा महिना ११ रुपयांवर गेले होते. पोटार्थीच. शब्द मी मागे घेत नाही, पण आबांना लागू झाल्यावर तो शिवीसारखा वाटेनासा झालाय.

तू तीस वर्षं पलटणीत काढलीस. कैद झालेल्याला तिथं आत काय मानतात, खरं सांग. 'कूतच्या वेढ्यात लढले, कैदेत वारले' असं कोरलं तर चालेल? दादांशी तूच बोल. माझं ऐकत नाहीत, सुभेदाराचं ऐकतील.

वहिनींचा डोळा कसा आहे? बेळगावचं घर पुरं झालं का? कुंदा पाठव. पाटीवाला सोमवारपर्यंत थांबतो म्हणालाय, त्याआधी फोन कर. दुपारी कर, दादा झोपलेले असतात.

तुझा,
बाळ्या