बहिणीचे नाव सातबारावर टिकू द्या : महसूल मंत्र्यांना खुले पत्र

मा. महसूल मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या खात्याने 2025 मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम राबवली. मयत खातेदारांची नावे कमी होऊन वारसांची लागली, हे चांगलेच झाले. पण वारस म्हणून लागलेल्या मुलींपैकी किती जणींची नावे सहा महिन्यांनंतर उताऱ्यावर उरली, हेही खात्याने एकदा मोजावे.

कायदा कुठून कुठे आला ते एका खात्यावर पाहू. वडिलोपार्जित 2 हेक्टर 40 आर (म्हणजे 240 आर) जमीन, खातेदार वारले, मागे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात मुलगी वारस होती, सहदायाद (जन्मतःच कुटुंबाच्या मिळकतीत हिस्सेदार) नव्हती. म्हणजे वडील, पत्नी व दोन मुलगे असे चार हिस्से कल्पायचे आणि वडिलांच्या वाट्याचे 60 आर चौघांत वाटायचे. मुलीच्या पदरी 15 आर. महाराष्ट्राने केंद्राच्या आधीच, 22 जून 1994 पासून, मुलीला जन्मतः सहदायाद केले, पण त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्यांना वगळले. 9 सप्टेंबर 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीत ही अट नाही. आता पाच हिस्से, प्रत्येकी 48 आर. शिवाय वडिलांच्या 48 पैकी 12. एकूण 60 आर, भावाइतकेच. वडील 2005 साली हयात असण्याची गरज नाही आणि तोंडी वाटपाची सबब सहसा चालणार नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केले.

15 आरचे 60 आर व्हायला जवळपास पन्नास वर्षे गेली. ते शून्यावर यायला चावडीतली एक दुपार पुरते.

पहिली गळती वारसाच्या अर्जातच होते. मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, वंशावळ आणि सोबत शिधापत्रिकेची प्रत. लग्न झालेल्या मुलीचे नाव शिधापत्रिकेतून केव्हाच कमी झालेले असते, आणि वंशावळ शिधापत्रिका पाहूनच लिहिली जाते. आधीच वारलेल्या मुलीची मुले तर कुणाच्या ध्यानातही येत नाहीत, जरी 1956 पासून ती वर्ग एकचे, म्हणजे पहिल्या हक्काचे, वारस आहेत.

नाव लागलेच, तर पुढे हक्कसोड. ‘भावांच्या लाभात हक्क सोडला’ असा जबाब तलाठ्यासमोर (आता ग्राम महसूल अधिकारी) घेतात, किंवा नोटरीचा कागद जोडतात, आणि त्यावर फेरफार (उताऱ्यावरील नावे बदलण्याची नोंद) धरतात. वास्तविक 100 रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावरातला हक्क सोडायचा तर नोंदणी कायदा 1908 च्या कलम 17 प्रमाणे दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. जबाबाने हक्क जात नाही, नाव मात्र जाते. महसुली नोंदीने मालकी ठरत नाही, असे न्यायालये कितीही वेळा सांगोत. पीककर्ज, पीकविमा आणि भूसंपादनाचा मोबदला उताऱ्यावरचे नाव पाहूनच मिळतो.

फेरफार धरला की जमीन महसूल संहितेच्या कलम 150 खाली चावडीवर नोंद लावायची, हितसंबंधितांना नमुना 9 ची नोटीस द्यायची, हरकतीला 15 दिवस, मग मंडळ अधिकाऱ्याचे प्रमाणीकरण. कागदावर यात काही खोट नाही. पण बहीण नांदते दुसऱ्या तालुक्यात आणि अर्जात तिच्या नावापुढे पत्ता माहेरचा. ज्याच्या लाभात नोंद होणार, तोच भाऊ तिची नोटीस घेतो. कलम 247 खालच्या अपिलाची 60 दिवसांची मुदत तिला कळण्याआधीच सरलेली असते. मग विलंबमाफीचा अर्ज, त्यावर तारखा.

तिसरा प्रकार आम्हाला सर्वांत घातक वाटतो, कारण त्यात नाव उताऱ्यावर दिसते. भाऊ कब्जेदार सदरी (मालकांच्या रकान्यात) आणि बहिणी ‘इतर हक्क’ रकान्यात, जणू त्या मालक नसून बँकेचा बोजा आहेत! खरेदीदार कब्जेदारांच्या सह्या घेऊन मोकळा होतो. जुन्या ‘ए. कु. मॅ.’ नोंदींचेही तसेच. थोरला भाऊ एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागलेला; तो गेला की फक्त त्याच्या बायकामुलांची वारस नोंद होते, त्याची भावंडे, अर्थात बहिणीही, बाहेर.

मर्जीने हक्क सोडणाऱ्या बहिणीला कुणी अडवू नये. जवळच्या नात्यातल्या अशा दस्ताला मुद्रांक शुल्कही नाममात्रच आहे. पण वडील हयात असताना त्यांच्या स्वकष्टार्जित जमिनीबाबत मुलीकडून लिहून घेतलेल्या हक्कसोडीला अर्थ नाही. जो वारसा अजून उघडलाच नाही, तो सोडणार कसा? ‘लग्नात खर्च केला’ हेही हिस्सा नाकारण्याचे कारण कायद्यात कुठे नाही.

यासाठी नवा कायदा नको, एक परिपत्रक पुरे. ई-हक्क या ऑनलाइन फेरफार प्रणालीवरील वारस अर्जात विवाहित, अविवाहित व मयत मुलींचे स्वतंत्र रकाने सक्तीचे करा. मुली नसतील तर ‘नाहीत’ असे प्रतिज्ञेवर लिहून घ्या. प्रत्येक वारसाचा स्वतःचा मोबाइल क्रमांक व सध्याचा पत्ता घ्या, नोटीस तिथेच जाऊ द्या. नोंदणीकृत दस्ताचा क्रमांक भरल्याशिवाय हक्कसोडीचा फेरफार प्रणालीने स्वीकारूच नये. वारस नोंद प्रमाणित होऊन नवा उतारा बहिणीच्या हाती पडल्यावर किमान 30 दिवस हक्कसोडीची नोंद घेऊ नये. आणि ‘इतर हक्क’ रकान्यातल्या मुली व विधवांची गावनिहाय यादी काढून, मूळ वारस फेरफार पाहून, त्यांची नावे कब्जेदार सदरी घेण्याचे काम तहसीलदारांना मुदत घालून द्यावे. ही यादी संगणकीकृत अभिलेखातून काढता येईल.

आपले,
वारसा व फेरफार प्रकरणे पाहणारे वकील आणि निवृत्त महसूल कर्मचारी