पडद्याआड विचारलेल्या चार प्रश्नांबद्दल

आदरणीय सिस्टर,

त्या पहाटे रुग्णालयात नोंदणीच्या खिडकीवर, शिश्नाला झालेली दुखापत लपवून, मी ‘पोटात दुखते’ असे सांगितले होते, आणि ते खरे नाही हे आपण माझ्या चालण्यावरूनच ओळखले असावे. रांगेतल्या लोकांसमोर आपण मला काहीही विचारले नाही. मला पडद्याआड नेलेत, माझ्या पत्नीला ‘थांबायचे की बाहेर बसायचे, ते तुम्ही ठरवा’ असे म्हणालात, आणि मग नाडी पाहता पाहता, ताप किती आहे हे विचारावे तितक्या सहजतेने, चार प्रश्न विचारलेत. दुखापत झाली तेव्हा ताठरता होती का? काही मोडल्यासारखा आवाज आला का? ताठरता लगेच उतरली का? आणि त्यानंतर लघवी झाली का, झाली असल्यास तिच्यात रक्त दिसले का?

चारही प्रश्नांचे उत्तर ‘हो’ असे होते. शेवटचे ‘हो’ मी तोपर्यंत पत्नीलाही सांगितलेले नव्हते.

आदल्या रात्री अकराच्या सुमारास, संबंधाच्या वेळी, बोट मोडल्यासारखा आवाज झाला आणि असह्य कळ आली. पुढच्या काही मिनिटांत शिश्न सुजू लागले आणि पहाटेपर्यंत ते काळेनिळे होऊन एका बाजूला वाकले. मधल्या सहा तासांत मी कापडात गुंडाळलेला बर्फ लावला, वेदनाशामक गोळी घेतली आणि छताकडे पाहत पडून राहिलो. या अवयवात हाड नाही, मग मोडणार तरी काय, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो. खरे कारण मात्र लाज हेच होते. ही गोष्ट कोणत्या शब्दांत सांगायची हेच मला कळत नव्हते, आणि ते शब्द आपण मला दिलेत.

काय मोडले होते ते नंतर डॉक्टरांनी समजावून सांगितले. शिश्नात रक्ताने भरणाऱ्या, स्पंजासारख्या ऊतींचे दोन स्तंभ असतात आणि त्यांच्याभोवती एक चिवट आवरण असते. एरवी सुमारे 2 मिलिमीटर जाड असणारे हे आवरण ताठरतेत ताणले जाऊन अर्ध्या मिलिमीटरपर्यंत किंवा त्याहूनही पातळ होते, आणि अशा वेळी अवयव अचानक वाकला तर ते फाटू शकते. आतले रक्त बाहेर पसरते, म्हणून ताठरता क्षणात जाते आणि सूज वाढत राहते. साकळलेल्या रक्ताच्या दाबाने अवयव फाटलेल्या जागेच्या विरुद्ध बाजूला झुकतो. हाड नसले तरी डॉक्टर याला फ्रॅक्चरच म्हणतात. काही रुग्णांत याच वेळी मूत्रमार्गालाही इजा होते, आणि लघवीतले रक्त ही त्याची खूण असते. माझ्या बाबतीत तसेच झाले होते. मी ते सांगितले, म्हणूनच मूत्रमार्गात औषध सोडून त्याचा एक्स-रे काढला गेला आणि त्याच दिवशी दुपारच्या आत झालेल्या शस्त्रक्रियेत आवरणाबरोबर मूत्रमार्गही शिवता आला. मी आणखी दोन दिवस घरी बसलो असतो, तर जखम वेडीवाकडी भरून अवयवाला कायमचा बाक येण्याची, ताठरतेत दोष राहण्याची किंवा मूत्रमार्ग अरुंद होण्याची शक्यता किती वाढली असती, हे मला आता ठाऊक आहे.

आपल्या दोन वाक्यांसाठी मी विशेष ऋणी आहे. ‘काही नाही, होईल बरे’ असे आपण म्हणाला नाहीत. ‘हे घाबरण्यासारखेच आहे, म्हणून आलात ते बरे केलेत, आणि आता काही खाऊ-पिऊ नका’ असे म्हणालात. त्या क्षणी मला खोट्या धीराने बरे वाटले नसते. दुसरे वाक्य आपण माझ्या पत्नीला सांगितलेत, की हा अपघात आहे आणि यात दोष कोणाचाच नाही. ती रात्रभर स्वतःला अपराधी समजत होती आणि माझ्या ते लक्षातही आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ड्युटी संपल्यावर आपण वॉर्डात येऊन गेलात, तेव्हा मी विचारले होते की कोणत्या दुखण्यासाठी थांबले तर चालते आणि कोणत्यासाठी मुळीच थांबू नये. आपले उत्तर येथे लिहितो, कारण हे पत्र माझ्यासारखाच कोणी रात्री जागा राहून वाचत असेल. घर्षणाने आलेली हलकी सूज, जिच्यात रंग बदललेला नाही, वेदना बेताची आहे आणि लघवी नीट होते आहे, ती विश्रांतीने एक-दोन दिवसांत उतरते का हे पाहता येते. न उतरल्यास डॉक्टरांना दाखवावे. मात्र आवाज होऊन ताठरता एकदम गेली असेल, सूज काळीनिळी होत असेल, लघवी अडली असेल किंवा रक्त दिसले असेल, तर त्याच तासाला निघावे. मागे सरकवलेली पुढची कातडी परत पुढे येत नसेल आणि शिश्नाचे टोक, म्हणजे बोंड, सुजत असेल, किंवा ताठरता चार तासांनंतरही उतरत नसेल, तरीही तसेच. तापासोबत अंडकोषाकडे झपाट्याने पसरणारी लाली आणि तीव्र वेदना असेल, विशेषतः मधुमेह असलेल्या माणसाला, तर सकाळची वाट पाहू नये. घरी चोळू नये, घट्ट बांधू नये, आणि मूत्रमार्गात काहीही घालू नये.

लघवीसाठी घातलेली नळी दोन आठवड्यांनी निघाली. सहा आठवडे संबंध टाळायचे होते, ते आम्ही टाळले. आज टाक्यांच्या जागी बोटाला थोडासा कठीणपणा लागतो. बाक नाही, ताठरता पूर्वीसारखी आहे आणि लघवीची धारही मोकळी आहे. आपल्याला हे कळावे, अशी माझी फार इच्छा होती.

माझ्या केसपेपरवरचा ‘पोटदुखी’ हा शब्द आपण एका रेघेने खोडलात, त्याखाली खरी तक्रार स्वच्छ अक्षरात लिहिलीत, हळू आवाजात मला वाचून दाखवलीत आणि ‘बरोबर आहे ना?’ असे विचारलेत. त्या केसपेपरची प्रत मी मागून घेतली आहे.

आपला कृतज्ञ,
त्या पहाटेचा एक रुग्ण