कंडक्टरचा फोटो छापलात, आता पहिल्या खुर्च्यांबद्दलही लिहा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत आमच्या हौशी सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमावर लेख आला तो वाचून खूप बरं वाटलं, कारण एरवी आमची बातमी म्हणजे तारीख, वेळ आणि प्रवेश कुठून एवढ्यावर आटोपते. तुमच्या प्रतिनिधी शेवटपर्यंत बसून ऐकत होत्या हे लेखातून कळतं, त्याबद्दल मनापासून आभार. पण अख्ख्या लेखात नाव फक्त एकाचं, वादकांसमोर उभं राहून काठीने ताल देणाऱ्या कंडक्टर सरांचं, आणि फोटोही त्यांचाच. सरांचं कौतुक व्हायलाच हवं, त्यात वादच नाही. पण सर आठवड्यातून एकदा येतात आणि त्या एका दिवसाच्या आधी नि नंतर आम्हाला जे सांभाळतात त्यांच्याबद्दल एक ओळही नव्हती, म्हणून हे पत्र.

मी गेली नऊ वर्षं सेकंड व्हायोलिनमध्ये (ऑर्केस्ट्रात व्हायोलिनचे दोन गट असतात, त्यातला दुसरा) मागच्या स्टँडवर, म्हणजे नोटेशनचा कागद ठेवायच्या मागच्या घोडीवर, वाजवते. दिवसभर नोकरी आणि संध्याकाळी तालीम, आमच्यातले बहुतेक सगळे असेच आहेत, कोणी शिक्षक, कोणी बँकेत, दोघं-तिघं रिटायर्ड, दोन कॉलेजची मुलं. सांगायचा मुद्दा असा की पगारी ऑर्केस्ट्रात प्रत्येक जण घरून आपला पार्ट (आपल्या वाद्याच्या नोटेशनचा कागद) तयार करून येतो, आमच्यात निम्मे जण तालमीला आल्यावरच पार्ट उघडतात (मीही कधीकधी त्यातलीच). अशा माणसांना एकत्र वाजवायला लावणं हे समोर उभं राहून हात हलवण्याने होत नाही हो, ते होतं प्रत्येक वाद्याच्या पहिल्या खुर्चीवर बसलेल्या माणसामुळे. पहिल्या व्हायोलिनच्या पहिल्या खुर्चीवरचा तो कॉन्सर्टमास्टर, आम्ही सरळ लीडर म्हणतो, आणि सेकंड व्हायोलिन, व्हिओला, चेलो, डबल बास (शेवटची तिन्ही व्हायोलिनसारखीच, पण क्रमाने मोठी होत जाणारी तंतुवाद्यं), शिवाय फुंकवाद्यं, सगळ्यांचे आपापले प्रिन्सिपल.

आमच्या लीडर ताई काय करतात ते सांगते. नवीन रचना ठरली की पहिल्या तालमीच्या आधीच त्या पेन्सिल घेऊन बसतात आणि पहिल्या व्हायोलिनच्या पूर्ण पार्टवर कुठे बो (वाजवायचा गज) खाली ओढायचा, कुठे वर, कुठे चार सूर एकाच बोमध्ये आणि कुठे वेगवेगळे, हे सगळं मार्क करतात. मग ते बाकीच्या तंतुवाद्यांच्या प्रिन्सिपलकडे जातं, ते आपापल्या पार्टला जुळवून घेतात आणि तिथून प्रत्येक स्टँडवर उतरवलं जातं. प्रेक्षकांना वाटतं सगळे बो एका वेळी एका दिशेला जातात ते दिसायला छान म्हणून. दिसतं छानच, पण मुख्य कारण आवाजाचं आहे, खाली ओढलेल्या बोला आपसूक वजन येतं आणि वर जाणाऱ्याला तसं येत नाही, त्यामुळे सोळा जणांनी सोळा तऱ्हांनी ओढलं तर एकच वाक्य सोळा जणांनी वेगवेगळ्या शब्दावर जोर देत वाचल्यासारखं होतं. ताईंनी आधी लिहिलेलं खोडून पुन्हा लिहिलेल्या जागा आमच्या पार्टवर इतक्या आहेत की कागद तिथे पातळ झालाय.

दुसरं काम म्हणजे सरांचं बोलणं आमच्या बोटांपर्यंत पोचवणं. सर म्हणतात, इथे आवाज लांबून यायला हवा. आता लांबून म्हणजे नक्की काय करायचं? ताई मागे वळून एवढंच सांगतात, बोच्या टोकाकडे वाजवा, ब्रिजपासून (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीपासून) लांब, कमी दाबा. झालं, पुढच्या खेपेला आवाज खरंच लांबून येतो.

बीथोव्हनची पाचवी सिम्फनी सगळ्यांना माहीत असते, ते तीन छोटे सूर आणि चौथा लांब. पण तिची सुरुवात सुरांनी होत नाही, सुरुवातीला एक छोटासा विराम आहे, अर्ध्या मात्रेचा, आणि ते तीन सूर त्या विरामाच्या मागून येतात. सगळी तंतुवाद्यं आणि क्लॅरिनेट एकत्र, लपायला जागाच नाही. पहिल्या दोन तालमींना आमचं काय व्हायचं तर कोणी विराम खायचं, कोणी लांबवायचं आणि ते प्रसिद्ध तीन सूर पायऱ्यांवरून घरंगळल्यासारखे यायचे. सर पुन्हा पुन्हा हाताने इशारा द्यायचे, तरी जुळेना. मग ताईंनी सांगितलं, काठीकडे बघा पण माझ्या श्वासाबरोबर श्वास घ्या. त्या श्वास घेतात तो ऐकू येतो, खांदे किंचित वर जातात, बो तारेच्या वर बोटभर उचलला जातो, आणि तो विराम म्हणजे नेमका तेवढा श्वास. त्या दिवसापासून मी मागच्या स्टँडवरून त्यांच्या खांद्याकडे बघते आणि एकदाही चुकले नाही. याच सिम्फनीत ट्रॉम्बोन हे पितळी फुंकवाद्य वाजवणारे तिघं पहिल्या तिन्ही भागांत नुसते बसून असतात, चौथ्या भागात पहिला सूर येतो, आणि थंड पडलेल्या वाद्यावर तो एकदम मोठ्याने आणि शुद्ध लावायचा. त्यांचे प्रिन्सिपल काका तिसऱ्या भागात वाद्यात हळूच हवा सोडत ते गरम ठेवतात आणि बाकी दोघांना बोटांनी किती बार (ठरावीक मात्रांचे छोटे तुकडे) राहिले ते दाखवतात. हे फोटोत येत नाही.

आणि एक प्रसंग, मागच्या वर्षीचा. कार्यक्रमात संथ भाग चालू होता, फुंकवाद्यांतलं कोणीतरी एक बार आधी आत आलं, ते ऐकून व्हिओला गोंधळले, मग आम्ही, आणि पाच-सहा बार अक्षरशः कोण कुठे आहे कळेना. सर मोजत होते पण कोणाची नजर वर नव्हती, हौशी वादक घाबरला की कागदात तोंड खुपसतो. तेव्हा आमच्या चेलोच्या प्रिन्सिपलनी मान वर केली, डबल बासकडे बघितलं, आणि पुढच्या बारची पहिली मात्रा इतकी ठाम वाजवली की सगळ्यांना सम मिळाली. दोन बारमध्ये सगळे जागेवर. प्रेक्षकांतल्या बहुतेकांना कळलंही नसेल. आमच्यासाठी त्या संध्याकाळची सगळ्यात मोठी गोष्ट तीच होती. गोष्टी बिघडतात त्या फक्त आमच्याकडेच असंही नाही, २२ डिसेंबर १८०८ ला व्हिएन्नात ही पाचवी सिम्फनी पहिल्यांदा वाजली त्याच कार्यक्रमात बीथोव्हनच्याच कोरल फँटसीत (पियानो, गायकवृंद आणि ऑर्केस्ट्राची रचना) ऑर्केस्ट्रा विस्कटला आणि खुद्द बीथोव्हनने थांबवून पुन्हा सुरू करायला लावलं, तालीमच पुरेशी झाली नव्हती.

इतिहासात बघितलं तर काठी घेऊन समोर उभा राहणारा कंडक्टर हीच तशी नंतरची गोष्ट आहे. त्याआधी पहिला व्हायोलिनवादक नाहीतर की-बोर्डवर बसलेला माणूसच सगळ्यांना चालवायचा. लाइपझिगचा गेवांडहाउस ऑर्केस्ट्रा १७४३ मध्ये तिथल्या व्यापाऱ्यांनी पैसे घालून सुरू केला, सोळा वादक होते, दरबाराचा त्याच्याशी संबंध नव्हता, म्हणजे एका अर्थी आमचाच पूर्वज. तिथे संगीतकार मेंडेल्सन १८३५ मध्ये आले आणि पुढच्या वर्षी त्यांनी फर्डिनांड डाव्हिड यांना कॉन्सर्टमास्टर म्हणून आणलं. मेंडेल्सन यांचा प्रसिद्ध व्हायोलिन कॉन्चेर्टो (एका व्हायोलिनला ऑर्केस्ट्राची साथ असलेली रचना) याच डाव्हिड यांच्यासाठी लिहिलेला, लिहिताना त्यांना विचारत विचारत लिहिलेला, आणि १८४५ मध्ये पहिल्यांदा वाजवला तोही त्यांनीच. पुढे मॉस्कोत १९२२ मध्ये पेर्सिमफान्स नावाचा कंडक्टरच नसलेला ऑर्केस्ट्रा निघाला आणि दहा वर्षं चालला, न्यूयॉर्कचा ऑर्फियस चेंबर ऑर्केस्ट्रा १९७२ पासून कंडक्टरशिवाय वाजवतोय. म्हणून कंडक्टर नकोत असं मला मुळीच म्हणायचं नाही, आमच्यासारख्यांना तर हवेतच हवेत. पण वाजवणाऱ्यांच्या आतून येणारं नेतृत्व किती खरं आहे हे यातून दिसतं ना.

आणि ही पहिल्या खुर्चीवरची मंडळी शिकवतातही, हे तर कुठेच लिहून येत नाही. काँगोमध्ये किन्शासात अर्मां दिआंगियेंदा या माणसाने १९९४ मध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा सुरू केला, ते वैमानिक होते, वाद्यं मोजकी होती आणि शिकणारे जास्त, म्हणून एकच वाद्य आळीपाळीने हातात घेऊन लोक शिकले, आणि ज्याला थोडं आलं त्याने पुढच्याला शिकवलं. आमच्याकडे वाद्यांची इतकी तंगी नाही पण पद्धत तीच आहे. आमचे सेकंडचे प्रिन्सिपल तालमीच्या आधी पाऊण तास येतात, ज्यांना अडतंय त्यांना घेऊन बसतात, एकच ओळ निम्म्या लयीत दहा वेळा. रागावत नाहीत. मी आले तेव्हा मला तिसरी पोझिशनसुद्धा (डावा हात थोडा वर सरकवून वाजवणं) धड येत नव्हती, त्यांनी पाच महिने दर आठवड्याला बसवलं, आणि त्याचे कधी पैसे घेतले नाहीत.

आता काळजीची गोष्ट. लीडर ताई या वर्षाअखेर थांबतायत, खांदा दुखतो, डॉक्टरांनी सांगितलंय. त्यांच्या जागी कोण हा प्रश्न तीन महिने पडून आहे, चांगलं वाजवणारे आहेत पण पुढे बसायला कोणी तयार नाही. त्यातल्या एका मुलीला मी विचारलं तर म्हणाली, काकू, एवढं काम आणि कोणाला माहीतही नसतं. मला उत्तर देता आलं नाही कारण तिचं म्हणणं खरं होतं.

तर विनंती एवढीच की पुढच्या कार्यक्रमाबद्दल लिहाल तेव्हा कंडक्टरबरोबर लीडर आणि प्रिन्सिपल मंडळींचीही नावं छापा, चार ओळींची जागा लागेल फार तर. आणि जमलं तर तुमच्या प्रतिनिधींना कार्यक्रमाऐवजी एखाद्या तालमीला पाठवा. त्यांना व्हिओलांच्या मागे खुर्ची ठेवू, तिथून सगळ्यांचे चेहरे दिसतात. सुरुवातीलाच यायला सांगा, म्हणजे ताई उठून उभ्या राहतात, खोली शांत होते, ओबो या फुंकवाद्याचा तो एक लांब सूर येतो आणि एकेक वाद्य त्याला येऊन मिळतं, ते सापडेल. ताईंच्या अजून अकरा तालमी उरल्यात.

आपली नियमित वाचक,
सेकंड व्हायोलिन, मागचा स्टँड