इंजिन खोलण्याआधी आवाज ऐका

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कोल्हापूर शहरात आणि आसपासच्या गावांत पंधरा-वीस वर्षांच्या मोटारसायकली आजही रोज रस्त्यावर धावत आहेत. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पाळीवर जाणारा कामगार, पहाटे डेअरीला दूध घालणारा शेतकरी, मंडईत माल पोहोचवणारा छोटा व्यापारी यांच्यासाठी जुनी गाडी ही हौस नसून पोटापाण्याचे साधन आहे. 15 वर्षे पूर्ण झाल्यावर आरटीओकडून नोंदणीचे नूतनीकरण करून घेतले की ती पुढे 5 वर्षे वापरता येते. अशा गाडीतून एखाद्या सकाळी अनोळखी आवाज येऊ लागला की मालकाच्या पोटात गोळा येतो, आणि त्या धास्तीपोटी अनेकदा गरज नसताना इंजिन खोलले जाते. उद्यमनगरात तीस वर्षांहून अधिक काळ लेथवर काम केलेला आणि त्यातली बरीच वर्षे एकच मोटारसायकल वापरणारा कामगार म्हणून मला याविषयी काही सांगावेसे वाटते.

माझी स्प्लेंडर 2004 सालची आहे. गेल्या हिवाळ्यात सकाळी ती सुरू केली की 'टिक् टिक्' असा कोरडा आवाज येऊ लागला. एक्सलेटर दिला की तो वाढायचा आणि दोन-तीन किलोमीटर गेल्यावर बराच कमी व्हायचा. एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली, तर तिथल्या माणसाने उभ्या उभ्या दोनदा एक्सलेटर पिळला आणि टायमिंग चेन (व्हॉल्व्ह चालवणारी इंजिनातली साखळी) गेली आहे, बोअरही (सिलिंडर आतून कापून मोठा करणे) करावा लागेल, अर्धे इंजिन खोलल्याशिवाय इलाज नाही, असे सांगितले. त्याने सांगितलेला खर्च माझ्या निवृत्तिवेतनाच्या मानाने मोठा होता. मी गाडी परत आणली आणि उद्यमनगराच्या मागच्या गल्लीत बसणाऱ्या एका जुन्या फिटरकडे नेली. त्याने गाडीला हात लावण्याआधी मला विचारले, "आवाज कवा येतोय, ते आधी सांगा. गार असताना का तापल्यावर? उभ्या गाडीत का चालत्या? क्लच दाबला की बदलतोय का?" मग गाडी रात्रभर तिथेच ठेवून जायला सांगितले, कारण गार इंजिनाचा आवाज त्याला स्वतःच्या कानांनी ऐकायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यासमोरच त्याने गाडी सुरू केली. एका लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक टॅपेटच्या, म्हणजे व्हॉल्व्ह (इंजिनातली झडप) दाबून उघडणाऱ्या भागाच्या, झाकणावर टेकवून मूठ कानापाशी धरली, नंतर ते टोक टायमिंग चेनच्या बाजूला आणि मग क्लचच्या कव्हरवर टेकवले. प्रत्येक ठिकाणी काही क्षण थांबून त्याने ऐकले आणि मान हलवली. शेवटी तो खाली वाकला आणि सायलेन्सरचा बेंड जिथे हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, जोडलेला असतो, तिथे बोट दाखवले. तिथे अॅल्युमिनियमवर काजळीचा नखाएवढा काळा डाग होता. एक नट सैल झाला होता, आतली गॅसकेट रिंग बसून गेली होती आणि त्या फटीतून जळालेला वायू प्रत्येक ठोक्याला बाहेर पडत होता. लोखंड तापून फुगले की फट कमी होत असल्यामुळे गाडी गरम झाल्यावर आवाज उतरत होता. नवी रिंग 50 रुपयांच्या आत आली. दोन्ही नट सारखे आवळले आणि आवाज गेला.

त्या पहिल्या गॅरेजवाल्याच्या हेतूबद्दल मला काही म्हणायचे नाही. सायलेन्सरची गळती, टॅपेट आणि टायमिंग चेन हे तिन्ही आवाज वरवर ऐकले तर एकमेकांसारखे वाटतात, आणि घाईत असलेला माणूस चुकू शकतो. माझे म्हणणे एवढेच आहे की हे आवाज वेगळे ओळखता येतात. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही, फक्त थोडा वेळ द्यावा लागतो.

चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकचे दोन फेरे झाले की प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडतो. म्हणजे एक्सलेटर न देता, आयडलवर, गाडी मिनिटाला 1400 फेरे घेत असेल, तर एका टॅपेटचा ठोका मिनिटाला 700 वेळा पडतो. हा आवाज एकसुरी आणि हलका असतो, हेडच्या वरच्या भागातून येतो आणि गाडीवर भार पडला म्हणून फारसा बदलत नाही. गळतीचा आवाज मात्र चढाला किंवा डबलसीट असताना जोरात येतो. टायमिंग चेन सैल झाली असेल तर इंजिनाच्या एका बाजूने खडखड ऐकू येते आणि एक्सलेटर एकदम सोडल्यावर ती जास्त स्पष्ट होते. पहिल्या काही सेकंदांत खडखड येऊन ऑइल वर पोहोचताच थांबत असेल, तर सगळ्यात आधी ऑइलची पातळी आणि ते किती जुने झाले आहे हे पाहावे.

टॅपेटच्या बाबतीत एक गैरसमज मला फार घातक वाटतो. आपल्याकडे अनेकांना इंजिन अगदी शांत लागते. ते फिटरला टॅपेट आवळून आवाज बंद करायला लावतात आणि फिटरही गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी तसे करतो. टॅपेट आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये मुद्दाम थोडी फट ठेवलेली असते. लहान इंजिनांत ही फट साधारण 0.05 ते 0.10 मिलिमीटर इतकी बारीक असते, आणि प्रत्येक गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेत दिलेला असतो. ज्याने आयुष्यभर मायक्रोमीटर हाताळला, त्याला शतांश मिलिमीटरची किंमत कळते. एवढीशी फटही संपली, तर तापल्यावर व्हॉल्व्ह आपल्या जागेवर पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) निसटते, गरम गाडी किक मारूनही सुरू होत नाही आणि पुढे व्हॉल्व्हची कड जळते. टॅपेटचा किंचित आवाज असलेली गाडी निरोगी असते, आणि टॅपेट आवळून गप्प केलेली गाडी हळूहळू बिघडत असते. म्हणून हे काम इंजिन पूर्ण गार असताना, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून आणि फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लावूनच झाले पाहिजे, नुसत्या अंदाजाने नाही.

पुष्कळ आवाजांचा इंजिनाशी काही संबंधच नसतो, आणि हे ओळखण्याची परीक्षा कोणालाही करता येते. रिकाम्या, सरळ रस्त्यावर ताशी तीस-चाळीस किलोमीटरच्या वेगाने जाताना क्लच दाबून गाडी न्यूट्रल करावी आणि इंजिन आयडलला येऊ द्यावे. आवाज गाडीच्या वेगाबरोबर तसाच राहिला, तर दोष चाक, मागच्या चाकाची चेन किंवा ब्रेकमध्ये आहे. तो इंजिनाबरोबर खाली आला, तर इंजिनाकडे वळावे. उभ्या गाडीत न्यूट्रलमध्ये येणारी खडखड क्लच दाबताच थांबत असेल, तर क्लचच्या भागांची झीज तपासावी. एवढ्या माहितीवर चांगला फिटर निम्मे काम संपवतो.

चाकाच्या बेअरिंगविषयी कोल्हापूरकरांनी विशेष सावध राहावे, असे मला वाटते. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेचा पूर शहरात शिरला, तेव्हा शाहूपुरी आणि व्हीनस कॉर्नरच्या परिसरातल्या गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. इंजिनातले पाणी लोकांच्या लक्षात येते, कारण ऑइल दुधासारखे पांढरट होते. बेअरिंगमधले ग्रीस धुऊन गेलेले मात्र दिसत नाही, आणि काही महिन्यांनी चाकातून घरघर सुरू होते तेव्हा पुराची आठवणही कोणाला राहत नाही. गाडी मेन स्टँडवर लावून, इंजिन बंद ठेवून मागचे चाक हाताने फिरवावे आणि दुसरा हात शॉकअपच्या स्प्रिंगवर ठेवावा. बेअरिंग खराब असेल तर स्प्रिंगमध्ये बारीक थरथर हाताला जाणवते. त्याच वेळी चेनही पाहून घ्यावी. चाक फिरवताना चेन एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी ढिली होत असेल, तर ती असमान ताणली गेली आहे. ऊस हंगामात ट्रॉल्यांबरोबर रस्त्यावर आलेला चिखल आणि कचरा चेनमध्ये बसतो, त्यामुळे त्या दिवसांत ती जास्त वेळा साफ करावी लागते. आवाज जावा म्हणून चेन तारेसारखी ओढून बसवणे चुकीचे आहे, कारण त्याचा भार गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो.

जोतिबाच्या डोंगरावरून उतरताना पुढचा ब्रेक लावला की हँडलमध्ये 'टक्' असा धक्का बसत असेल, तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग, तपासावा. पुढचे चाक उचलून हँडल हळूहळू डावी-उजवीकडे फिरवले आणि ते बरोबर मध्यभागी अडल्यासारखे वाटले, तर कोनसेटमध्ये खड्डे पडले आहेत असे समजावे. हा दोष गाडीच्या तोलाशी निगडित आहे, त्यामुळे आवाज लहान असला तरी दुरुस्ती लांबणीवर टाकू नये.

काही आवाज मात्र खरोखरच गंभीर असतात आणि ते ऐकून न ऐकल्यासारखे करणे महागात पडते. इंजिनाच्या खालच्या भागातून भार पडताच येणारा जड 'ठक् ठक्' आवाज कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा असू शकतो. तशी गाडी चालवत घरी न नेता ढकलत किंवा टेम्पोत घालून न्यावी. माझ्या गाडीत ऑइल बदलताना 900 मिलिलिटर ऑइल बसते. त्यातले 300 मिलिलिटर जरी जळले, तरी एक तृतीयांश ऑइल संपलेले असते, आणि जुनी गाडी धूर न दाखवताही एवढे ऑइल हळूहळू खाते. म्हणून महिन्यातून दोनदा गाडी सपाट जागेवर मेन स्टँडवर लावून ऑइल मोजायची काडी पाहावी. माझ्या गाडीत ती आटे न फिरवता नुसती टेकवून पाहायची असते. आटे फिरवून बसवली तर काडी जास्त खोल जाते आणि ऑइल कमी असूनही पुरेसे दिसते.

शहरातल्या गॅरेजचालकांना माझी विनंती आहे की इंजिन खोलायचा सल्ला देण्याआधी गिऱ्हाइकाला आवाज कधी आणि कसा येतो हे विचारून ते जॉब कार्डवर लिहावे, शक्य असेल तर त्याच्यासोबत एक फेरी मारावी आणि काढलेले जुने भाग त्याच्या हातात द्यावेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये दुचाकी दुरुस्तीचे शिक्षण घेणाऱ्या मुलांना आता सेन्सर आणि इंजेक्शनची माहिती दिली जाते, आणि ती आवश्यकच आहे. त्याच कार्यशाळेत कार्बोरेटरचे एक जुने इंजिन स्टँडवर बसवून, त्यात मुद्दाम एकेक दोष निर्माण करून, मुलांना तो केवळ कानाने ओळखायला लावावा. उद्यमनगरातले निवृत्त फिटर हे शिकवायला आनंदाने येतील, असा मला विश्वास आहे. संस्थांनी त्यांना फक्त बोलवावे. या पत्राच्या निमित्ताने कोणी तसा वर्ग सुरू करणार असेल, तर स्टँडवर बसवण्यासाठी माझ्याकडे पडून असलेले एक जुने 100 सीसीचे इंजिन मी विनामूल्य देईन.

आपला नम्र,
एक निवृत्त टर्नर,
मंगळवार पेठ, कोल्हापूर