बाबा, एकदा बोल्ट तपासायला या

कोल्हापूर,
रविवार

ती. आई-बाबांना
शि. सा. नमस्कार.

गणपतीत बाबांनी विचारलं होतं, "हे रेसिंगचं अजून किती वर्षं?" घर पाहुण्यांनी भरलेलं होतं, चार लोकांत बोलायचा तो विषय नव्हता. म्हणून आता सविस्तर लिहिते. उत्तर आधीच सांगून टाकते: मी रेसिंग सोडणार नाही. पण तुम्हाला भीती वाटते ती कशाची, आणि त्यातली खरी किती, हे माझ्याच तोंडून तुम्हाला कळायला हवं.

गाडी तुमच्या ओळखीची आहे. आपलीच जुनी यामाहाची आर-१५ मोटरसायकल, जिच्यावरून मी कॉलेजला जायचे. आता बघाल तर ओळखू येणार नाही. हेडलाइट, इंडिकेटर, आरसे, हॉर्न, नंबरप्लेट, साडीगार्ड, साइड स्टँड, मागच्या माणसाचे फुटरेस्ट, सगळं उतरवलंय. काच फुटून ट्रॅकवर पडू नये, गाडी आडवी झाली तर कुठलाही लोखंडी तुकडा जमिनीत रुतू नये, म्हणून. बाहेरचं प्लास्टिक काढून फायबरचं अंग बसवलंय. ते खालून बंद असतं. इंजिन फुटलंच तर ऑइल त्यातच साठावं. रेडिएटरमधलं कूलंट काढून साधं पाणी भरलंय, कारण कूलंटमधलं ग्लायकॉल सांडलं की ट्रॅक निसरडा होतो आणि लवकर सुकत नाही. अशी गाडी रस्त्यावर चालवताच येत नाही, कायद्यानंही नाही. उद्यमनगरातल्या आपल्या मशीन शॉपमधून बाहेर पडते ती पिकअपमध्ये दोरखंडांनी आवळूनच.

बाबा, पुढचं खास तुमच्यासाठी. रेसच्या गाडीचे ऑइलचे बोल्ट नुसते आवळून चालत नाहीत, तारेनं बांधावे लागतात. ड्रेन बोल्टच्या डोक्यात दीड मिलिमीटरचं भोक आरपार पाडायचं. षटकोनी डोकं, त्यात तिरकं भोक. हातानं धरून पंच मारला की ड्रिलचं बिट घसरतं आणि पहिल्याच फेऱ्याला तुटतं. माझी बरीच बिटं गेली. मग मिस्त्रींनी वरच्या फळीवरून तुमचं जुनं फिक्स्चर काढून दिलं, शाफ्ट घट्ट धरून त्याला पिनची भोकं पाडायला तुम्ही बनवलेलं. त्यात बोल्ट बसवला, कोपऱ्यावर आधी कानसीनं एवढीशी सपाट जागा केली, थेंब थेंब कटिंग ऑइल सोडत, बिट सारखं वर उचलून बुरादा काढत राहिले. भोक सरळ निघालं. मग बोल्ट आवळायचा, भोकातून स्टेनलेसची तार ओवायची, पिळायची आणि दुसरं टोक इंजिनच्या केसिंगला अशा बाजूनं बांधायचं की बोल्ट सुटायला लागला तर तार ताणून त्याला आवळायच्या दिशेलाच ओढेल. शर्यतीआधी तपासणी असते. तिथले लोक बोट घालून प्रत्येक तार ओढून बघतात. तार ढिली असेल तर गाडी परत.

मिस्त्री काम बघून म्हणाले, "साहेबांनी बघितलं असतं तर बरं झालं असतं." मलाही तेच वाटलं. त्या तारा माझ्यासाठी कमी आणि माझ्या मागून येणाऱ्यांसाठी जास्त असतात. माझ्या गाडीचं ऑइल वळणावर सांडलं तर मी पुढं निघून जाईन, पडतील ते मागचे. "आपला जॉब दुसऱ्याच्या मशीनवर बसणार आहे," असं तुम्ही शॉपमध्ये भाग बनवणाऱ्या पोरांना ओरडायचा, ते मला इथं रोज आठवतं.

आई, आता तुझ्याकडे येते. २०२३ च्या ऑगस्टमधली ती बातमी तू विसरलेली नाहीस, मला माहीत आहे. चेन्नईच्या ट्रॅकवर बेंगळुरूचा तेरा वर्षांचा मुलगा शर्यत सुरू झाल्या झाल्या पडला, डोक्याला मार लागला आणि गेला. आयोजकांनी त्या फेरीतल्या उरलेल्या सगळ्या शर्यती रद्द केल्या. तो ट्रॅक तोच, जिथं मी जाते. तेरा वर्षांचं लेकरू. त्याच्या आईचा विचार मनात आला की मला तुझाच चेहरा दिसतो. त्यामुळे 'काही होत नाही गं' असं मी तुला कधी म्हणणार नाही.

पण काय होतं आणि कधी होतं, ते सांगते. एकटं पडणं बहुतेक वेळा जिवावर बेतत नाही. टायर निसटतो, गाडी आडवी होते, आपण चामड्याच्या सूटवर घसरत जातो. वळणाच्या बाहेर मोकळी जागा सोडलेली असते. ना झाड, ना खांब, ना डिव्हायडर. तालमीत पोराला डावाच्या आधी पडायला शिकवतात, तसं इथंही शिकवतात: गाडी धरून ठेवायची नाही, हात-पाय अंगाशी घ्यायचे, आणि पूर्ण थांबल्याशिवाय उठायचं नाही. घसरता घसरता माणसाला वाटतं आपण थांबलो, तो उठायला जातो आणि मग कोलांट्या खातो. खरा धोका घोळक्यात असतो. शर्यत सुटते तेव्हा सगळ्या गाड्या पहिल्या वळणावर एकदम पोचतात, आणि तिथं कुणी पडलं तर मागच्याला वळवायला जागा नसते. हा धोका हेल्मेटनं संपत नाही आणि सूटनंही नाही. म्हणून मी माझ्यापुरतं ठरवून टाकलंय की पहिल्या वळणावर दोन जागा गेल्या तरी जाऊ द्यायच्या. माझ्या वेळेवर त्याचा परिणाम होतो, होऊ दे.

बाकीची व्यवस्था तुला डोळ्यांनी बघायला मिळाली तर बरं वाटेल. प्रत्येक टप्प्यावर झेंडे घेऊन माणसं उभी असतात. पिवळा हलला की ओव्हरटेक बंद, लाल दिसला की सगळे हळू होऊन परत. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे पुढं निसरडं आहे. ॲम्ब्युलन्स आणि डॉक्टर जागेवर असल्याशिवाय गाडी ट्रॅकवर सोडतच नाहीत. रेसिंगच्या लायसन्सलाही डॉक्टरांचा दाखला लागतो. आता आपला पन्हाळ्याचा रस्ता आठव. वळणावर समोरून एसटी, गाळप सुरू झालं की मागं दिवा नसलेली उसाची ट्रॉली, मध्येच कुत्रं. कोल्हापूरच्या पोरांना गाडीचा नाद किती आहे ते तू जाणतेस. जो वेग मी ट्रॅकवर धरते तो या रस्त्यावर धरणाऱ्यांची मला खरोखर भीती वाटते. मी स्वतः आता रस्त्यावर स्कूटर चालवते, तीही सावकाश.

तुम्ही विचाराल, मग हवंय कशाला? हे बोलून सांगणं अवघड आहे, लिहून बघते. सरळ पट्टा संपत आलेला असतो, सहावा गिअर, छाती टाकीला टेकलेली. ब्रेक एकदम दाबायचा नाही. आधी हलका, म्हणजे पुढचा फोर्क दबतो, टायर डांबरावर पसरतो. मग पूर्ण जोर. गाडी वळणात वाकायला लागली की ब्रेक सोडत जायचं, जितकं वाकणं जास्त तितका ब्रेक कमी. नजर वळणाच्या शेवटी. तिथं गुडघा जमिनीला टेकतो आणि मग थ्रॉटल, अगदी धागा ओढावा इतका. १५५ सीसीच्या इंजिनात ताकद थोडी, त्यामुळे वळणात वाया गेलेला वेग भरून काढायला अख्खा पट्टा लागतो. घाबरून जरा जास्त ब्रेक मारला तरी घड्याळात दिसतं, उतावीळ होऊन उशिरा मारला तरी दिसतं. एखादी फेरी अशी जाते की त्यात काहीच वाया गेलेलं नसतं. तेव्हा मला जे वाटतं ते दुसऱ्या कशातच वाटत नाही. मी त्यासाठी जाते.

पैशाचं म्हणाल तर शॉपच्या पैशाला मी हात लावत नाही. टायर महाग पडतात, बाकीचं बरंच घरच्या घरी होतं. पायाचे रेस्ट वर आणि मागं घेण्यासाठी लागणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आपल्याच मिलिंगवर काढल्यात. मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, ट्रॅकप्रमाणे बदलते. कोइम्बतूरचा कारी स्पीडवे २.१ किलोमीटरचा, लहान, तिथं दात वाढवावे लागतात, चेन्नईला कमी करावे लागतात. कोल्हापुरात मोहित्यांचा ट्रॅक आहे आणि कार्टिंगच्या मोठ्या शर्यती तिथं होतात, पण मोटरसायकलच्या राष्ट्रीय शर्यतीला दक्षिणेतच जावं लागतं. आणि मावशी काळजीनं म्हणते, "पोरींचं काम आहे का ते?" तिला सांगा, १६५ सीसीपर्यंतच्या गाड्यांत मुलींचा वेगळा गट आहे. बेंगळुरूची ऐश्वर्या पिस्से याच शर्यतींतून पुढं आली आणि २०१९ साली बाहाच्या, म्हणजे कच्च्या वाटांवरच्या रॅलीच्या, विश्वकरंडकात महिला गटात पहिली आली.

बाबा, चेन्नईच्या येत्या शर्यतीला मला पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाडी तपासतात तिथं, तुम्ही हवे आहात. मिस्त्री येतातच, पण त्यांची नजर आणि तुमची नजर यात फरक आहे. आरएक्स १०० चं हेड उघडून कार्बन काढताना तुम्ही मला शेजारी बसवायचा आणि प्रत्येक नट कुठल्या क्रमानं सुटला तसा फडक्यावर मांडायला लावायचा. मला तसंच काम करून घेणारं माणूस हवंय. सराव झाला की गाडी येते, अर्ध्या तासात सगळे बोल्ट, चेनचा ताण, ब्रेकपॅड, टायरची हवा बघायची असते. मी तेव्हा घामानं भिजलेली असते आणि डोकं वळणांत अडकलेलं असतं. ढिलं काय राहिलं ते मला त्या वेळी दिसत नाही. तुम्हाला दिसेल. तपासून तुम्ही म्हणालात, "ही गाडी आज जाणार नाही," तर ती जाणार नाही. हा माझा शब्द.

प्रवासाची काळजी नको. कोल्हापूरच्या दारावरून जाणारा ४८ नंबरचा हायवे बेंगळुरूवरून थेट त्या ट्रॅकपर्यंत जातो, चेन्नई शहरात शिरावंही लागत नाही. येत्या गुरुवारी संध्याकाळी पिकअप निघेल, उजळाईवाडीला हायवेला लागून कागल, निपाणी करत साधारण नऊला संकेश्वरला पोचेल. तुम्ही गडहिंग्लजमार्गे संकेश्वरला येऊन थांबा. मागून माझी मैत्रीण कार घेऊन येते आहे, तुम्ही तिच्यात निवांत झोपून या. आई, तुला यायचं असेल तर कारमध्ये जागा आहे. बघवणार नाही असं वाटत असेल तर येऊ नकोस, मी अजिबात मनाला लावून घेणार नाही. शर्यत संपल्यावर मी हेल्मेट काढायच्या आधी बाबा तुला फोन लावतील. आजऱ्यात तुझ्या सोबतीला काकू दोन दिवस राहायला तयार आहेत, मी बोलले आहे त्यांच्याशी.

बीपीच्या गोळ्या पाच दिवसांच्या घ्या. गुडघ्याचा पट्टा घ्या, पिटमध्ये उभं राहावं लागतं. जवळचा चष्मा विसरू नका, तार फार बारीक आहे. बुधवारपर्यंत कळवा, म्हणजे तुमच्या नावाचा पास काढता येईल.

तुमची लेक