चिकलठाण्याच्या त्या तिघांना

परवा छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावर आमचं दिल्लीचं विमान ऐनवेळी रद्द झालं. तिकिटं साठवलेल्या रिवॉर्ड पॉइंट्सवर काढलेली, रोख भरले ते फक्त टॅक्सचे. रागाच्या भरात मोबाईलवर 'कॅन्सल' दाबणारच होतो, तेवढ्यात रांगेतले मागचे काका म्हणाले, "थांबा हो! विमान त्यांनी रद्द केलंय, तिकीट तुम्ही कशाला रद्द करता? दुसऱ्या विमानात जागा मागा."

काका, तुमचं नाव विचारायचंही राहिलं.

काउंटरवरच्या ताईंनी फोन कानाला लावून अर्धा तास किल्ला लढवला आणि नवा पीएनआर (बुकिंग नंबर) बॅगेच्या टॅगमागे लिहून दिला. एकही पॉइंट जास्तीचा गेला नाही. शिवाय आईला खुर्ची देऊन स्वतः उभा राहिलेला तो जालन्याचा पोरगा! (चहाचे पैसेसुद्धा घेतले नाहीत पठ्ठ्याने.) तिघांचेही मनापासून आभार.