बाराव्या अंकातील फसव्या शेवटाबाबत तक्रार

प्रति,
संपादक व वर्गणी विभाग

महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या बारा भागांच्या चित्रकथा मालिकेची संपूर्ण वर्गणी मी आगाऊ भरली होती. बारावा अंक गेल्या आठवड्यात निपाणीला माझ्या पत्त्यावर पोहोचला. या अंकाबद्दल माझी गंभीर तक्रार आहे.

मालिकेतील खलनायक तंबाखूचा व्यापारी आहे, आणि आमच्या गावात असा माणूस कोणाला समजावून सांगावा लागत नाही. रास्त भावासाठी शेतकऱ्यांनी केलेले १९८१ चे तंबाखू आंदोलन पाहिलेली मंडळी आजही येथे आहेत. त्यांतल्या दोघांनी आपले पहिले काही भाग माझ्याकडून मागून नेऊन वाचले. चौथ्या भागातील एक चौकट तर मी विसरू शकत नाही. व्यापारी दिव्याखाली पान धरतो, हुंगतो, माल उत्तम असल्याचे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसते, तरीही समोरच्या शेतकऱ्याकडे न पाहता तो वहीत हलकी प्रत लिहितो. एकही संवाद नसलेल्या त्या चौकटीत चित्रकाराने माणसाचा सगळा अपराध उभा केला होता.

बाराव्या भागात आपण सांगता की तो व्यापारी नव्हताच. खरा व्यापारी पहिल्या भागापासून तळघरात कोंडलेला होता आणि मुखवटा घातलेला कोणी परका त्याच्या जागी वावरत होता. सातवीत शिकणाऱ्या माझ्या भाचीने लगेच विचारले, "मामा, मग पान हुंगून त्याला कसं कळलं?" याचे उत्तर अंकात कोठेही नाही. ज्याने जाणूनबुजून अन्याय केला, त्याचा निर्णयच आपण त्याच्याकडून काढून घेतलात, आणि ज्याच्यावर आता दोष येतो त्याला ना नाव आहे ना कारण.

मागच्या कथेला नवा अर्थ देणारा उलगडा मला मान्य आहे. 'एक्स-मेन' या अमेरिकन चित्रकथेत १९६३ मध्ये आलेला खलनायक मॅग्नेटो सुरुवातीला एक साधा दुष्ट होता. पुढे १९८१ मध्ये लेखक ख्रिस क्लेअरमाँट यांनी तो आउशवित्झ छळछावणीतून वाचलेला असल्याचे दाखवले, तेव्हा त्याचे गुन्हे पुसले गेले नाहीत, उलट त्याचा राग कोठून येतो हे कळल्याने तो अधिक अस्वस्थ करू लागला. आपल्या उलगड्याने मात्र आधीची अकरा पुस्तके खोटी ठरली आहेत.

त्यानंतर तो परका वखारीच्या आगीत मरतो, आणि शेवटच्या चौकटीत राखेतून त्याची बोटे हलतात. खाली ओळ आहे: "तेराव्या भागासाठी आजच नोंदणी करा." वर्गणी घेताना आपल्या जाहिरातीत "बारा भागांत संपूर्ण" असे छापले होते. शिवाय हा अंक काळ्या वेष्टनात बंद करून, चार वेगवेगळ्या मुखपृष्ठांसह विकला गेला. सुपरमॅनचा मृत्यूही १९९२ मध्ये असाच काळ्या पिशवीत विकला गेला होता आणि पुढच्याच वर्षी तो परतला. त्याला मारणाऱ्या डूम्सडेजवळ धड बोलणे नव्हते की हेतू नव्हता, कारण त्याची गरज केवळ त्या मृत्यूपुरतीच होती. इतक्या वर्षांनी आपण नेमके तेच उचललेत, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण आपल्याकडे त्याहून कितीतरी चांगला खलनायक तयार होता. त्याला शेतकऱ्यांसमोर उभे करून ती वही उघडायला लावली असती, तरी आम्हाला पुरे होते.

माझी विनंती अशी की बाराव्या अंकाची किंमत परत करावी, तेराव्या भागाच्या नोंदणीतून माझे नाव वगळावे, आणि एकत्रित आवृत्ती निघेल तेव्हा शेवट नव्याने लिहिण्याचा विचार लेखकांनी करावा. बारावा अंक वेष्टनासह पोस्टाने परत पाठवत आहे. बाकीचे अकरा अंक भाचीकडेच राहतील.

उत्तर लेखी मिळावे.

आपला,
एक वर्गणीदार
निपाणी, जि. बेळगाव